बिघाड लॅपटॉपात, अ‍ॅप मोबाईलात : ५६,७९७ रुपये कसे गेले

लिहू की नको यात पंधरा दिवस गेले. गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. पारावर एकदा कळलं की जन्मभर 'लॅपटॉपवाला' म्हणतील. पण गप्प बसलो तर उद्या तुमच्यातलाच एखादा कस्टमर केअरचा तोच खोटा नंबर लावेल, म्हणून लिहितो.

फसवणूक कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. वीज कापतो, केवायसी संपली, पार्सल अडकलं, असले फोन मी स्वतः दोन-तीन वेळा ओळखून आपटलेले आहेत. पण ते फोन त्यांनी केले होते. इथं फोन मी लावला. आपणच लावलेल्या फोनवर माणूस संशय घेत नाही, आणि ते लोक नेमकं हेच धरून बसलेले असतात.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, तालुक्यापासून २२ किलोमीटर. घरात २०१२ सालचा लॅपटॉप. विंडोज ७, बॅटरी कधीच मेलेली, म्हणजे लाइट गेली की तोही गेला. पोरगी अमरावतीला शिकते. सुट्टीत घरी आली होती आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा होता. सेतूवाला दीडशे रुपये घेतो आणि अर्धा दिवस बसवून ठेवतो. घरी यंत्र असताना दीडशे कशाला द्यायचे? हा माझा हिशेब.

लॅपटॉप सुरू केला तर क्रोममध्ये एकही साइट उघडेना. महाडीबीटी नाही, बँक नाही, साधं गूगलसुद्धा नाही. दर वेळी लाल चिन्ह, 'कनेक्शन सुरक्षित नाही', कधी 'तुमचे घड्याळ मागे आहे'. हे वाक्य मी मराठीत, स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. तीही दिसली. जुनं यंत्र आहे, दाखवत असेल काहीबाही, म्हणून सोडून दिलं. उत्तर समोर लिहिलेलं होतं आणि मी व्हायरस शोधत बसलो.

मोबाईलवर शोधलं, 'क्रोम कस्टमर केअर नंबर'. सगळ्यात वर एक नंबर आला, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं होतं. आता विचार करा, क्रोमचे आपण एक रुपयाही देत नाही. फुकटच्या वस्तूसाठी दुपारी साडेअकराला पहिल्याच रिंगला फोन उचलणारा माणूस कोण ठेवेल? जिथं पैसे देतो त्या बँकेचा फोन वीस मिनिटं वाजत राहतो!

पलीकडचा हिंदीत बोलत होता. इतका नम्र की आपलीच लाज वाटावी. त्रुटी वाचून दाखवायला सांगितली, वाचली. "सर, आपका सिक्युरिटी सर्टिफिकेट एक्सपायर हो गया है, बैंक का डाटा लीक हो सकता है." फी ४९९ रुपये. यूपीआयनं दिले. चारशे नव्याण्णवमध्ये काम होत असेल तर होऊ दे, तालुक्याला गेलं तरी येण्या-जाण्यात दोनशे जातातच.

मग तो म्हणाला, मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाका. आपली स्क्रीन पलीकडच्याला दिसते, तसलं.

हाच तो क्षण. पोरगी बाजूला बसली होती. ती म्हणाली, "बाबा, बिघाड त लॅपटॉपात हाय न, मंग अ‍ॅप मोबाईलात कायले टाकता?"

मी तिला हातानं गप्प केलं. खरंच, तळहात दाखवून, थांब म्हणून. वरून त्या माणसाला सांगितलं, "बच्ची है, बोलिए आप." एकोणीस वर्षांची पोरगी. रात्री झोप लागत नाही ती पैशापेक्षा या हातामुळे.

माझी बाजू सांगतो, मग हसा. त्यानं कारण दिलं होतं : लॅपटॉपवर साइटच उघडत नाही, तर दुरुस्तीची फाइल उतरणार कशी? म्हणून मोबाईलवरून पाठवतो. हे पटण्यासारखं नाही का? मला पटलं. त्याच वाक्यात डाव होता हे आता कळतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. लायसन्स नोंदणीचा फॉर्म आला, दहा रुपये भरायचे म्हणून एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे मागितले. भरले. दहा रुपये काही कटले नाहीत, 'फेल्ड' आलं. मग म्हणाला, फाइल जात आहे, पंधरा मिनिटं फोनला हात लावू नका, पालथा ठेवा. मी पालथा ठेवला. खाटेवर तो फोन तीन-चारदा थरथरला. आम्ही बापलेक त्याच्याकडे बघत बसलो. तेव्हा ओटीपी येत होते आणि तो तिकडे बसून वाचत होता.

११.५२ ला २४,९९९. ११.५४ ला १९,९९९. ११.५७ ला ११,३००. आधीचे ४९९ धरून ५६,७९७ रुपये. खात्यात ६१,३४० होते, तुरीचे. उरले ४,५४३. त्यानं तेवढे का सोडले तेही कळलं नाही. मेसेज वाचून मी ओरडलो तेव्हा बायको गोठ्यातून धावत आली, "काहून, काय झालं?" मला सांगता येईना.

आता यंत्रणा. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीचा सरकारी मदतीचा नंबर, तीनदा व्यस्त, चौथ्यांदा लागला. ती बाई मात्र चांगली बोलली, तक्रार घेतली, क्रमांक दिला. हे लक्षात ठेवा, आधी १९३०, रडारड नंतर. मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर पुरावे टाका म्हणाली. लॅपटॉपवर पोर्टल उघडलं तर काय आलं? 'तुमचे घड्याळ मागे आहे.'

बँकेत गेलो तर साहेब जेवायला. तासाभरानं आले आणि म्हणाले, ओटीपी तुम्ही दिला, आम्ही काय करणार. मी म्हटलं दिला नाही, त्यानं पाहिला. म्हणे एकच झालं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पोरीनं शोधून दाखवलं, त्यात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही असं आहे. साहेबांनी त्याच परिपत्रकातली दुसरी ओळ दाखवली : ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पाच मिनिटांत तीन व्यवहार, मी कोणत्या मिनिटाला कळवायचं होतं? आणि ज्या खात्यातून वर्षभरात एका वेळी पाच हजारांच्या वर कधी गेले नाहीत, तिथून भर दुपारी असे पैसे जातात तेव्हा बँकेच्या त्या मोठ्या यंत्राला काहीच वाटत नाही? पीककर्जाचा हप्ता दोन दिवस चुकला की लगेच वाटतं!

पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, एक दिवस आणि ३४० रुपये. तिथं सांगितलं, अर्ज तुमच्या ठाण्यातून येऊ द्या. ठाण्यात परत आलो तर लिहून घेणारा बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, आणि घेता घेता त्या जमादारानं विचारलं, "शिकलेले दिसता, तरी?" बोललो नाही काही.

खरा बिघाड? तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्यानं दहा मिनिटांत सांगितला. लॅपटॉपच्या आत बटणासारखा छोटा सेल असतो, तो घड्याळ चालू ठेवतो. तो मेला, मोठी बॅटरीही मेलेली, म्हणून प्रत्येक वेळी लाइट गेली की तारीख मागे जाऊन बसते. साइटच्या सर्टिफिकेटला अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. यंत्राला वाटतं आज २००९ आहे, म्हणजे ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग ब्राउझर दार लावून घेतो. सेल ४० रुपये, खोलायची मजुरी १५०. सेल न बदलता नुसती तारीख हातानं नीट केली असती तरी त्या दिवशी अर्ज भरून झाला असता. फुकटात.

त्यानंच सांगितलं की विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून कंपनीचा आधार नाही आणि क्रोमनंही २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीवर त्याला सोडून दिलं. त्यानं फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची ११५ वी आवृत्ती टाकून दिली, ती चालते. पण बँकेचं काम यावर करू नका म्हणाला. आता काय करणार, खात्यात आहेच काय!

पडद्यावर कधी मोठी 'व्हायरस' पाटी येऊन भोंगा वाजू लागला तर त्यातला नंबर लावू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करा; नाही झालं तर यंत्र बंद होईपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरा. कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवता येतो, मला हे नंतर कळलं. आणि घरात पोरं काही विचारत असतील तर विचारू द्या.

११,३०० रुपये कुठल्यातरी खात्यात 'होल्ड'वर सापडले आहेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. बाकीच्याचा पत्ता नाही.

परवा शेजाऱ्याच्या फोनवर परत शोधून पाहिलं. तोच नंबर, तिथंच, वर. शिव्या द्यायच्या म्हणून लावला. पहिल्या रिंगला उचलला. "नमस्ते सर, कौनसा ब्राउज़र है आपका?" आवाज तोच होता, तितकाच गोड. माझ्या तोंडून शब्द निघेना. मी फोन ठेवला.