एमटीआर: मुंबई–फ्रँकफर्ट लेटन्सीच्या भांडणात काही महिने वापरल्यावर

एमटीआर म्हणजे इंटरनेटवरची पॅकेट (डेटाचे तुकडे) कुठल्या कुठल्या राउटरवरून जातात आणि किती वेळ घेतात ते ओळीने दाखवणारं टूल. फुकट आहे, कामाचं आहे, आणि त्यातला लॉसचा, म्हणजे उत्तर न आलेल्या पॅकेटांचा, रकाना पहिल्या जागेवरून उचलून शेवटी टाकायला हवा. बाकी सगळं मी सहन करीन, पण त्या रकान्याने आमचे जे दिवस खाल्ले ते विसरता येत नाहीत.

टूल कसं चालतं ते परत सांगत बसत नाही. पिंग आणि ट्रेसराउट ज्याने वापरलंय त्याला हे पाच मिनिटांत कळतं. मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेल एक्स्पोर्टरकडे सिस्टिम बघतो. ऑर्डर आणि पॅकिंगचं ॲप क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मशीनवर, डेटाबेस फ्रँकफर्टमध्ये, कारण गिऱ्हाईक बहुतेक जर्मनीकडचं. दोन्ही टोकांना प्रोव्हायडर वेगळे, कारण तसं स्वस्त पडलं.

उन्हाळ्यात पॅकिंगचा स्क्रीन रखडायला लागला. कार्टनवर बारकोड मारायचा आणि नोंद उमटेपर्यंत माणूस हातात टेप घेऊन उभा. मालकांचा फोन, “काय ओ, परत अडकलं की हे!” एरवी मुंबई–फ्रँकफर्ट फेरी, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ (लेटन्सी), १२० मिलिसेकंदांच्या आसपास असते, ती १७० वर गेली होती. एमटीआरचा रिपोर्ट काढला आणि फ्रँकफर्टवाल्यांच्या सपोर्टला पाठवला. उत्तर आलं की सहाव्या हॉपवर (वाटेतल्या सहाव्या राउटरवर) ७० टक्के लॉस आहे, आमच्याकडे दोष नाही, तक्रारीचं तिकीट बंद. मुंबईवाल्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवून सांगितलं, हे राउटर मधल्या ट्रान्झिटवाल्यांचं, आमचं नव्हे.

सातव्या हॉपपासून शेवटपर्यंत लॉस शून्य होता. म्हणजे पॅकेट सहाव्या हॉपमधून सुखरूप पुढे जात होती. राउटर पॅकेट पुढे ढकलण्याचं काम हार्डवेअरमध्ये करतो. एमटीआर मुद्दाम कमी टीटीएलची (किती राउटर ओलांडायचे त्या मर्यादेची) पॅकेट पाठवतं; टीटीएल संपलेल्या पॅकेटला उत्तर देण्याचं काम त्याच्या सीपीयूवर पडतं आणि त्यावर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. ठरावीक संख्येपलीकडे तो उत्तरच देत नाही. एमटीआर ते लॉस म्हणून छापतं. रिपोर्ट खालून वर वाचायचा, शेवटच्या ओळीत लॉस नसेल तर मधल्या ओळीतला सोडून द्यायचा, हे नेटवर्कवाल्यांना माहीत असतं. मग सपोर्टच्या खुर्चीत बसणाऱ्याला का माहीत नसावं? आणि टूलनेच तो आकडा डाव्या हाताला पहिल्यांदा का दाखवावा? १९९७ पासून हे टूल आहे. आता मी रकान्यांचा क्रम स्वतः देतो: आधी सरासरी, मग सर्वांत कमी, सर्वांत जास्त, मग स्टँडर्ड डेव्हिएशन (वेळ किती वरखाली होतो ते), आणि लॉस शेवटी. त्यानंतरच्या तिकिटांवर निदान पहिलं उत्तर तरी मुद्द्याचं आलं.

सुरुवातीला मी एका बाजूचा रिपोर्ट पुरेसा मानत होतो. ते मत पुढे बदललं. एमटीआर जाण्याचा रस्ता ओळीने दाखवतं, पण वेळ मोजतं जाण्या-येण्याची मिळून, आणि येण्याचा रस्ता त्यात कुठेच दिसत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं आणि वेळेतली उडी दिसत होती फ्रँकफर्टवाल्यांच्या पहिल्या राउटरवर. शेवटी मीच फ्रँकफर्टच्या मशीनवर एमटीआर टाकलं आणि तिकडून मुंबईकडे चालवलं. राउटरच्या नावांत बहुधा विमानतळांची तीन अक्षरं असतात. एफआरए (फ्रँकफर्ट) नंतर एमआरएस (मार्से), मग एसआयएन (सिंगापूर), मग बीओएम (मुंबई). म्हणजे परतीचं पॅकेट मार्सेहून निघून, भारताला दक्षिणेकडून वळसा घालून सिंगापूरला जात होतं आणि तिथून मुंबईला परत येत होतं. पुण्याहून सुटलेली एसटी सोलापुरात न थांबता हैदराबादला जावी आणि तिथून उलटी सोलापूरला यावी, तसं. हा रिपोर्ट जोडल्यावर तेच तिकीट पुन्हा उघडलं गेलं आणि काही दिवसांत परतीचा रस्ता सरळ झाला. त्या दिवसाचा आनंद खरा होता.

स्टँडर्ड डेव्हिएशनकडे लोक बघतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. सरासरी वाढली आणि डेव्हिएशन एक-दोन मिलिसेकंदच राहिलं, तर बहुतेक वेळा रस्ता बदललेला असतो. संध्याकाळ झाली की डेव्हिएशन वाढतं आणि पहाटे उतरतं, तर कुठेतरी लिंक तुंबलेली आहे. दोन्हींची तक्रार वेगळ्या शब्दांत करावी लागते. त्यासाठी नमुना मोठा हवा. रिपोर्ट मोडमध्ये संख्या सांगितली नाही तर दहाच पॅकेट जातात. एक हुकलं की दहा टक्के लॉस. मी तीनशे पाठवतो, पाच मिनिटं लागतात. शिवाय टीसीपी मोडमध्ये, म्हणजे ॲप डेटाबेसशी बोलतं तशाच पॅकेटांनी, डेटाबेसच्या ५४३२ पोर्टवर, कारण पिंगच्या पॅकेटला मिळणारी वागणूक आपल्या खऱ्या ट्रॅफिकला मिळेलच असं नाही.

एक गोष्ट मालकांनाही समजावून सांगावी लागली. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई–फ्रँकफर्ट सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत. केबल तांबड्या समुद्रातून, इजिप्त ओलांडून, मार्सेवरून जाते, म्हणून १२०. त्याखाली आणा म्हणून कुणाशी भांडण्यात अर्थ नाही.

आणि रस्ता सरळ झाल्यावरही स्क्रीन मनासारखा पळेना. हे एमटीआर सांगू शकत नाही. एका कार्टनसाठी ॲप डेटाबेसला एकामागून एक तीस क्वेरी (विचारणा) पाठवत होतं, प्रत्येकीला एक फेरी. १७० ने ५.१ सेकंद, १२० ने ३.६. क्वेरी एकत्र केल्या, वाचण्यापुरती डेटाबेसची प्रत मुंबईत ठेवली, तेव्हा कुठे पॅकिंगवाले गप्प झाले. लेटन्सीच्या तक्रारीत आधी फेऱ्या मोजाव्यात, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) निघणारे दोन्ही टोकांचे रिपोर्ट कामी आले. सरासरी एकदम चढलेली, शेवटच्या ओळीत लॉस नाही, दोन्ही दिशांचे रस्ते आधीच्यापेक्षा वेगळे. मालकांना सकाळीच सांगता आलं की हे आपल्या हातात नाही, जर्मनीच्या नोंदी रात्री एकदम टाकू. तिकीट उघडलंच नाही.

यासाठी मिळणाऱ्या पेड सेवा चांगल्या असतील, पण बिल डॉलरमध्ये आणि दर महिन्याला. दोन टोकांच्या आमच्या कामाला ते परवडत नाही. ज्यांच्याकडे एकाच टोकाचं लॉगिन आहे त्यांनी दुसऱ्या टोकाच्या रीजनमध्ये, तिथल्याच प्रोव्हायडरकडे, सर्वांत छोटं मशीन तासाभरासाठी घ्यावं. खर्च चहापाण्याइतका येतो. तिथून उलटा रिपोर्ट काढावा, दोन्ही एकत्र जोडावेत आणि मगच सपोर्टला लिहावं.