हीटर गार, खिसा गारेगार: साताऱ्यात माझे १५,१५० रुपये कसे गेले

आधी आकडा सांगून टाकतो. पंधरा हजार एकशे पन्नास. एवढे पैसे मोजून गाडीचा हीटर होता तसाच गार. खरं दुखणं निघालं ७४० रुपयांच्या एका पार्टचं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

साताऱ्यात हीटर कशाला लागतो, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांनी डिसेंबरात पहाटे पसरणी घाट चढून दाखवावा. वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात त्या दिवसांत तर नक्कीच. थंडी सोसता येते हो, पण आतून काच धुरकटली की पुढचं वळण दिसत नाही. बायको शेजारी बसून फडक्यानं काच पुसतेय, मागच्या सीटवर आईनं गुडघ्यांवर शाल घेतलीय आणि ब्लोअर फुल सोडला तरी फू फू गार हवा, असा आमचा प्रवास चालला होता. (एसी लावला की काचेचं धुकं जातं हे मला माहीत आहे. पण पहाटे घाटात एसी लावा म्हटल्यावर आई काय बोलेल, तेही माहीत आहे.)

गाडी जुनी डिझेल. ब्लोअर व्यवस्थित, नॉब फिरतोय, हवा मात्र गार. घाट चढताना जरा कोमट व्हायची, उतरायला लागलं की पुन्हा बर्फ. हे मी गॅरेजच्या मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुद्दाम लिहितोय, कारण नंतर तो सगळीकडे म्हणाला, "साहेबांनी नीट सांगितलंच नाही."

गॅरेजवाले कसे खेळवतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी छोटं बिल, मग "आता उघडलंच आहे तर", मग गाडीचा सांगाडा दाखवायचा. आपण बिनचाकाचे, जाणार कुठं?

छोटं बिल होतं २,२०० रुपयांचं, एसीच्या गॅसचं. "गॅस कमी आहे दादा, म्हणून गरम होत नाही." माझा एसी मे महिन्यात दात वाजवत होता! हीटरचा आणि गॅसचा काडीचा संबंध नाही. पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिनाभोवती फिरून तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून जातं, त्यावरून ब्लोअर हवा ढकलतो, झाला हीटर. त्या जाळीला हीटर कोअर म्हणतात. हीटरसाठी गॅस भरायचा म्हणाला की चावी घ्या आणि निघा.

आता मला सगळे शहाणपण शिकवतात. मेव्हणा म्हणतो, एवढंही कळलं नाही? अरे, मी बँकेत हिशेब बघणारा माणूस. फिटरनं बोनेटमध्ये डोकं घालून मान हलवली की कोण उलटतपासणी घेतं? तू घेतोस?

गॅस भरून अर्थातच काही झालं नाही. मग निदान बदललं. "कोअर चोक आहे. डॅशबोर्ड खोलावा लागेल." दुसरं बिल असं: नवीन कोअर ६,८५०, मजुरी ४,५००, कूलंट १,१५०, किरकोळ ४५०. एकूण १२,९५०. 'किरकोळ' म्हणजे काय ते मी अजून विचारतोय.

आणि आता तो पुठ्ठा.

गाडी घ्यायला दुपारी बोलावलं. ऊन कडक. मी पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं, बराच वेळ चालू असावं, कारण बोनेटवर हात ठेववत नव्हता. मालक म्हणाला, "बसा दादा, बघा तुमचा हीटर." बसलो. गरम हवेचा झोत असा आला की मीच खिडकी खाली केली. खूश झालो. यूपीआयनं पैसे टाकले (खात्यावर नाव त्याच्या वहिनीचं होतं, तेही तेव्हा दिसलं होतं). तेवढ्यात कामाच्या पोरानं बोनेट उघडून रेडिएटरच्या पुढून एक पुठ्ठा ओढून काढला. खोक्याचा, मोठा, बरोबर रेडिएटरच्या मापाचा कापलेला, एका कडेला चिकटपट्टी लोंबत होती. मी विचारलं, "हे काय रे?" पोरानं मालकाकडं पाहिलं. मालक म्हणाला, "धूळ बसू नये म्हणून." मी "बरं" म्हणालो.

बरं!

तो पुठ्ठा रात्री झोपू देत नाही. कारण त्याचा अर्थ एकच. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडं, म्हणजे पुढच्या गार करणाऱ्या जाळीकडं, जाऊ न देणारी झडप. तो उघडा अडकलेला असेल तर इंजिन गार असतानाही कूलंट रेडिएटरमध्ये फिरत राहतं, तापतच नाही, मग हीटरला उष्णता मिळणार कुठून? पुढून वारा अडवा, गाडी जागेवर चालू ठेवा, कूलंट तापतं आणि हीटर तासाभरासाठी झकास. म्हणजे त्याला दुखणं नेमकं माहीत होतं. चुकीचं निदान झालं असतं तर मी गप्प बसलो असतो, माणूस चुकतो. इथं पुठ्ठा मापानं कापलेला होता.

त्याच संध्याकाळी वाढे फाट्याच्या पुढं जाईपर्यंत हवा पुन्हा गार.

खरं काम केलं कराडकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी. त्यांनी आधी तापमानाचा काटा पाहिला. एवढी चालवूनही काटा मध्यावर आलाच नव्हता. "ॲव्हरेज पण कमी झालं असेल," म्हणाले. झालं होतं. मग डॅशबोर्डमागे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावला. दोन्ही कोमट, म्हणजे कूलंटच तापत नव्हतं. एक गरम आणि दुसरी गार असती तर कोअर तुंबल्याचा संशय घेता आला असता. दोन्ही चटका देण्याइतक्या गरम असून हवा गार असती, तर आतली हवा वळवणारी झडप बघायची. ही तपासणी कुणीही करू शकतो, पण बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल. कूलंटची पातळी इंजिन गार असतानाच बघायची. ती कमी असली तरी हीटर गार मारतो, हे सगळ्यात स्वस्त कारण सगळ्यात आधी तपासा.

थर्मोस्टॅट ७४०, कूलंट ३८०, मजुरी ४००. एकूण १,५२०.

जाता जाता मेस्त्रींनी टॉर्च मारून मला त्या नळ्यांचे क्लॅम्प दाखवले. गंजलेले, वर जुनी माती घट्ट बसलेली, आणि रबरावर क्लॅम्पचा एकच वळ. "कोअर बदलायचा तर ही नळी काढावी लागती. क्लॅम्प सोडून परत आवळला की वळ दुसरा पडतोय. हितं कुणी हातच लावला नाही." म्हणजे ६,८५० चा कोअर बसलाच नव्हता. म्हणून सांगतो, जुना पार्ट मागून घ्या. "टाकून दिला" म्हणाला तर पैसे देऊ नका. मी मागितला नव्हता, कारण गंजका कोअर घरी नेऊन काय लोणचं घालायचं, असं तेव्हा वाटलं.

आता सरकारी कृपा ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "बिल कुठाय?" दाखवलं. वहीच्या कागदावर आकडे, वर 'अंदाजपत्रक', ना नाव ना शिक्का. "हे बिल नाही." मग म्हणाले, हा दिवाणी वाद, कोर्टात जा. मी म्हटलं, पार्ट न बसवता पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? "चारशेवीस असं लगेच लागत नसतं." साहेब, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, हे मी, हिशेबनीस, त्यांना सांगतोय! अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो तर अर्जच सापडेना. शेवटी रजिस्टर पोस्टानं पाठवला, तेव्हा कुठं पोच मिळाली, तीही टपाल खात्याची. दुसऱ्या एका कार्यालयातल्या टेबलानं मला तिसऱ्या टेबलाकडं पाठवलं आणि तिसरं टेबल जेवायला गेलं होतं. कुणाला सांगावं लागतं, पैसे माझे गेलेत, लाच मागायला आलो नाही.

एक वकील म्हणाले, पंधरा हजारांसाठी फी दहा हजार. हसायचं की रडायचं? मग कळलं की ग्राहक आयोगात वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हे ठाण्यात कुणीतरी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझ्या चपला वाचल्या असत्या.

पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका. यूपीआयवर दुसऱ्याचं नाव आलं तर तिथंच थांबा आणि स्क्रीनशॉट काढा, माझ्याकडं आज तोच एक धड पुरावा आहे. दुरुस्तीनंतर हीटर गॅरेजात तपासू नका. गाडी हमरस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर पळवा, मग पैसे. आणि बोनेट स्वतः उघडा, पुढून काही अडवलंय का बघा.

तक्रार दाखल केली आहे. नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला. "दादा, कशाला ताणताय, तीन हजार घ्या आणि विषय मिटवा." म्हटलं, हेच लेखी दे, सहीनिशी, तुझ्या नावानं, वहिनीच्या नव्हे. त्यानं फोन ठेवला.