माझी 1986ची मर्सिडीज 190 ई 2.3-16 : अठरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी घरी आणली तेव्हा ओडोमीटरवर 1,84,000 किलोमीटर होते. काल 1,95,400 झाले. मधला अख्खा हिवाळा ती गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती. इथे जर्मनीत बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ म्हणजे या पत्र्याचं वैरीच. तेव्हा हा अनुभव दोन उन्हाळ्यांचा आहे, रोज ऑफिसला नेण्याचा नाही.

मी श्टुटगार्टजवळ एसलिंगेनला राहते, पण या गाडीचं वेड चिंचवडचं. बाबा पिंपरीत टूलरूमला होते. 1995मध्ये पुण्यात मर्सिडीजची डब्ल्यू 124, म्हणजे 190ची थोरली बहीण, तयार व्हायला लागली आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ती कधीमधी दिसायची. बाबा स्कूटर कडेला घ्यायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. "मागचा ॲक्सल बघ, एकेका चाकाला पाच-पाच दांडे आहेत," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी सातवीत होते. तो पाच दांड्यांचा ॲक्सल आधी आला तो धाकट्या 190वर, 1982 साली. पुढे त्यांच्या एका मित्राने जर्मनीहून एक मासिक आणलं. त्यात काळ्या 190चा फोटो होता, मागे पंख असलेली, चारही चाकांच्या कमानी फुगलेल्या. तो फोटो माझ्या अभ्यासाच्या टेबलावर दहावीपर्यंत होता.

ती ही 2.3-16. साध्या 190चं चार सिलिंडरचं इंजिन घेऊन त्यावर सोळा व्हॉल्व्हचं हेड शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने करून दिलं. मुळात बेत रॅलीचा होता. पण ऑडीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या क्वाट्रोसमोर मागच्या चाकांची गाडी टिकणार नाही हे उघड झालं आणि हिला सर्किटकडे वळवलं. ऑगस्ट 1983मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर हिने 50,000 किलोमीटर ताशी सरासरी 247.9च्या वेगाने पार केले. ड्रायव्हर बदलायला आणि पेट्रोल भरायला थांबलेला वेळ त्या सरासरीत धरलेला आहे. नंतर 12 मे 1984ला न्युर्बुर्गरिंगच्या नव्या सर्किटच्या उद्घाटनाला वीस नामवंत ड्रायव्हरांना एकसारख्या 190 दिल्या. जिंकला आयर्टन सेना. फॉर्म्युला वनमधला त्याचा तो पहिलाच मोसम होता. मागच्या रांगेतून सुरुवात करून निकी लाउडा दुसरा आला.

हे सगळं पाठ होतं. गाडी चालवल्यावर मात्र पहिला महिना मी गोंधळून गेले होते.

कारण गिअर. पहिला गिअर नेहमीच्या जागी नाहीच. दांडा स्वतःकडे ओढून खाली घ्यायचा, तिथे पहिला. नेहमीच्या पहिल्याच्या जागी रिव्हर्स. दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत, चौथा-पाचवा दुसऱ्या. शर्यतीत पहिला फक्त सुटताना लागतो आणि दुसरा-तिसरा सारखा बदलावा लागतो, म्हणून ही मांडणी. शहरात सिग्नलला तिचा त्रासच होतो. पण ओवेनहून लेनिंगेनच्या खोऱ्यातून वर गुटेनबर्गचा घाट चढायला लागलं की मनगटाला आपोआप कळतं की दुसरा-तिसरा समोरासमोर का ठेवलेत. तिथे हात विचार करत नाही.

इंजिनाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण चाचणी घ्यायला येणारे इथेच नाराज होतात. खाली पिकअप नाही. 2,299 सीसी, 185 अश्वशक्ती, पण ती मिळते सहा हजार आरपीएमच्या पुढे. तीन हजारांवर ही टॅक्सीसारखी शांत आणि थोडी खरखरीत वाटते. साडेचार हजारांला आवाज बदलतो, खर्जातून वर चढतो, आणि तिथून पुढे काटा सात हजारांकडे पळतो तेव्हा पाय काढावासा वाटत नाही. शंभरला पोचायला साडेसात सेकंद. आमची रोजची टर्बो डिझेल यापेक्षा फार मागे नाही, आणि ती चालवताना मला काहीच करावं लागत नाही. इथे गिअर, आरपीएम, वळणाचा अंदाज, सगळं आपल्यालाच जुळवावं लागतं. जुळलं की गाडी तसं कळवते, चुकलं की तेही कळवते. मला ही गाडी आवडते ती एवढ्याचसाठी, वेगासाठी नाही.

स्टिअरिंग मात्र मध्यावर सैल आहे. जुन्या पद्धतीचा बॉक्स असल्यामुळे सरळ महामार्गावर हात सारखे किंचित हलते ठेवावे लागतात. 140च्या पुढे वाऱ्याचा आवाज इतका की बोलणं थांबतं. मागे दोनच सीट, दोन्ही खोलगट, पाचवा माणूस बसूच शकत नाही. समोरच्या काचेला एकच लांबलचक वायपर आहे, तो कोपऱ्याकडे जाताना बाहेर सरकतो आणि जवळजवळ सगळी काच पुसतो. गिअरच्या पुढे तीन छोटे डायल आहेत : ऑइलचं तापमान, व्होल्टमीटर आणि स्टॉपवॉच. ते स्टॉपवॉच माझ्या लेकीच्या ताब्यात आहे. घरापासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंतच्या वेळा ती वहीत लिहून ठेवते.

आता बिघाड. पहिल्या जूनपासून इंजिन थंड असताना आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, डुलायला लागलं. काटा सातशेवर यायचा, बाराशेवर जायचा, पुन्हा खाली. एका वर्कशॉपमध्ये सांगितलं की पेट्रोल वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर गेलाय, बदलावा लागेल, दोन हजार युरो. यात बॉशची केई-जेट्रॉनिक ही जुनी पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा आहे, आणि ती नीट जाणणारे हात आता कमीच उरलेत, त्यामुळे मी घाबरून हो म्हणणारच होते.

त्याच आठवड्यात आई-बाबा आले. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. "सुरू कर," म्हणाले. बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. एक जागा, दुसरी, तिसरी. मग स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून हात आत घातला आणि आयडल व्हॉल्व्हला जाणारा रबरी पाइप दोन बोटांत दाबला. काटा नऊशेवर येऊन थांबला.

"हवा ओढतंय गं. ऐकलंस?"

मी वाकून कान दिला. खरंच, बारीक सुस्कारा येत होता. पाइप काढला तर तो रबर राहिलाच नव्हता, वाळक्या खोबऱ्याच्या वाटीसारखा कडक झालेला आणि आतल्या वळणावर चीर. नवा पाइप चाळीस युरोंच्या आत मिळाला. मग बाबांच्याच सांगण्यावरून चारही इंजेक्टरांची सील आणि बाकीचे सगळे व्हॅक्यूम पाइप बदलून टाकले. गाडी तेव्हापासून एकदाही डुललेली नाही. जुना पाइप बाबा रुमालात बांधून चिंचवडला घेऊन गेले.

दुसरं मोठं काम मागच्या सस्पेंशनचं. मागची बाजू भार पडला तरी उंची राखते, त्यासाठी तेल आणि नायट्रोजनचे गोळे असतात. ते मेले होते, गतिरोधकावर मागचं चाक उडायचं. दोन्ही गोळे बदलल्यावर ती घाटात पुन्हा चिकटून चालायला लागली. बाकी ऑइल दर पाच हजारांना, दोन ब्रेक होज, एक बॅटरी. ॲव्हरेज लिटरला नऊ, तेही 98 ऑक्टेनचं सुपर प्लस घालून. तीस वर्षांवरच्या गाडीला इथे एच नंबरप्लेट, म्हणजे ऐतिहासिक गाडीची पाटी, मिळते. तिचा रोड टॅक्स वर्षाला 191 युरो 73 सेंट, इंजिन कितीही मोठं असो. माझ्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, पण एच असल्यामुळे ती शहराच्या पर्यावरण क्षेत्रातही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते त्या भागातही, नेता येते. सुटे भाग बहुतेक मिळतात, पण याच मॉडेलपुरते केलेले, म्हणजे बंपरचे आणि कडेचे प्लास्टिकचे तुकडे, मिळाले तर सोन्याच्या भावात.

त्या कडेच्या प्लास्टिकबद्दलच घेणाऱ्यांना सांगायचंय. इंजिन ऐकून भुलू नका, ते दुरुस्त होतं. जॅक लावायच्या चार जागा आधी बघा. प्लास्टिकच्या आड पाणी साचतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून गाडी शोरूमसारखी दिसत असली तरी. मी टॉर्च घेऊन जमिनीवर पाठीवर पडले होते आणि विकणारे आजोबा शेजारी गुडघ्यांवर बसून एकेक झाकण स्वतः काढून देत होते. तीन जागा कोरड्या होत्या. चौथीत बोटाएवढा गंज होता. त्याचं वेल्डिंग येत्या नोव्हेंबरात आहे, आणि बाबांनी तेव्हाचंच तिकीट काढलंय.