भाताच्या करप्यासाठी ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के पावडर: साडेतीन स्टार

करपा म्हणजे भातावरचा बुरशीचा रोग, त्यावर गेल्या खरिपात मावळात इंद्रायणी भाताला ही बुरशीनाशक पावडर वापरली. कंपनीचं नाव लिहीत नाही, आत औषध सगळ्यांचं तेच असतं. प्रमाण १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला १० ग्रॅम धरा, आणि डायरेक्ट पंपात टाकू नका, आधी तांब्याभर पाण्यात कालवा नाहीतर गुठळ्या नोझलमध्ये बसतात आणि मग चिखलात उभं राहून तोंडाने नोझल फुंकायची वेळ येते (ते तर अजिबात करू नका).

आता रिझल्ट. माझी दोन खाचरं, दोन्ही १५-१५ गुंठे, बियाणं एक, लावणी एकाच आठवड्यातली. वरच्या खाचरात पानावर डोळ्यासारखे ठिपके दिसले, मधे राखाडी कडेला तपकिरी, त्याच दिवशी फवारलं आणि पोटरीत असताना (लोंबी बाहेर पडायच्या आधी) परत एकदा, भात वाचलं, ६ क्विंटल झालं. खालचं खाचर डोंगराच्या सावलीत, दहा वाजेपर्यंत पानावरचं दव हलत नाही, त्यात मी शहाण्याने पीक पिवळं दिसतंय म्हणून युरिया जास्तीचा फेकला आणि पाऊस उघडेना म्हणून फवारणी राहिली ती राहिलीच. लोंब्या निसवल्यावर मारलं तेव्हा लोंबीच्या मानेला काळं पडलेलं होतं. मानमोडी, म्हणजे मानेवरचा करपा! लांबून पांढऱ्याशुभ्र लोंब्या, हातात घेतल्या तर सगळं पोचट. साडेतीन क्विंटल, संपला विषय.

औषधाला शिव्या देऊन उपयोग नाही कारण ही पावडर झालेला करपा बरा करतच नाही. बुरशीला पानात घुसायला मेलॅनिन लागतं ते ती बनू देत नाही, म्हणजे घुसायच्या आधी मारली तरच फायदा, आणि हे दुकानदार सांगत नाही, तो टॉनिकची बाटली खपवतो. शेजाऱ्याने तर कडा करप्यावर मारली, तो जिवाणूचा रोग, पैसे बांधावर ओतल्यासारखेच.

शेवटच्या फवारणीपासून कापणीपर्यंत ३० दिवस सोडा.

या वर्षी खालच्या खाचराला युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या दाबलेल्या गोळ्या) खोचल्यात, रोपवाटिकेत तुसाची राख घातली होती (सिलिका मिळतं म्हणून), आणि बांधावरच्या झाडाच्या फांद्या छाटल्या, त्यावरून चुलत्याशी भांडण झालं ते वेगळंच. पुडी मात्र आधीच आणून ठेवलीय.