खणाचा तीन झालरींचा फ्रॉक, छाती ५०: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये शिवून आलेला हा फ्रॉक जानेवारी संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी अंगावर चढला आहे. पोपटी खण, खालची झालर जांभळी, पांढरी कंगोरेदार मोठी कॉलर, ढगाच्या आकाराचे दोन खिसे आणि घेरावर कापडातून कापून लावलेल्या कुत्र्याच्या छत्र्या. मापं इंचांत: छाती ५०, कंबर ४६, सीट ५४, दंडघेर १७, खांदा १५. या मापांना पुण्यात लक्ष्मी रोडवर न विचारता गडद रंगाचा सरळ कुर्ता पुढे येतो, ‘यात बारीक दिसाल’ या वाक्यासकट. बारीक दिसायचंच नसेल तर काय, याचं कपाट अजून कुणी ठेवलेलं नाही.

रेडिमेड फोर एक्सएलमध्ये असलं काही मिळालं तरी ते बहुधा लहान मापाचा कागद सगळीकडून सारखा फुगवून कापलेलं असतं. छाती वाढली म्हणून खांदा त्याच हिशेबाने वाढत नाही. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा पसरतो आणि कॉलर एका बाजूला कलते. गमतीदार कपडा गबाळा दिसू लागतो तो इथे. रंगाचा त्यात काही दोष नाही.

शिवून घेतानाही हाच धोका आहे. टेलर छातीचं माप चारने भागून पुढचा-मागचा भाग सारखाच कापतात. ५० छातीत पुढच्या भागाला जास्त कापड लागतं. इथे काखेच्या लगेच खालून घेतलेलं वरच्या छातीचं माप ४५ होतं. मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि खांदा त्यावरून काढले, आणि पुढचा भाग टक्स, म्हणजे आकारासाठीच्या चिमट्या, देऊन रुंद केला: तयार मापात पुढे २९, मागे २५, म्हणजे अंगापेक्षा ४ इंच सैल. पुढची उंचीही दीड इंच जास्त ठेवावी लागते, नाहीतर कमरेची शिवण पोटावर वर चढते. पहिल्या ट्रायलला नेमकं तेच झालं होतं.

आता पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं गणित. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक हातमागाचा खण चोळीसाठी विणला जायचा, त्यामुळे पन्हा जेमतेम ३०-३१ इंच. पुढचा २९ इंचांचा भाग मायेसकट, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या कापडासकट, त्यात एकसंध बसत नाही. मधोमध जोड देण्यापेक्षा प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून कमरेपर्यंत दोन उभ्या शिवणी, घ्यावा; जोड टक्सच्या जागीच लपतो. झालरींना मात्र हाच पन्हा फार सोयीचा. कापड आडवं कापलं की पहिल्या झालरीला दोन पन्हे, दुसरीला तीन, तिसरीला सहा. माया वजा जाता घेर ५८, ८७ आणि १७४ इंच. सैलपणासकट ४८ इंचांच्या कमरेवर ५८ म्हणजे चुण्या अगदी कमी, आणि तसंच हवं. पोटावर दाट चुण्या आल्या की फुगा होतो. फुगारा खाली शोभतो. सगळं मिळून साडेपाच मीटर खण लागला, अस्तराचं मलमल वेगळं. ४४ पन्ह्याचा पॉलिकॉटन खण घेतला तर चार मीटर पुरतो, पण पुण्याच्या मे महिन्यात तो अंगाला चिकटतो. रविवार पेठेत दोन्ही मिळतात, पन्हा समोर मोजून घ्या.

शिलाई साध्या पंजाबी ड्रेसच्या दुप्पट पडली.

काय बिघडलं? सगळ्यात आधी शिवण. तिसऱ्या महिन्यात सीटच्या बाजूला, पहिल्या झालरीच्या जोडाशी धागे सरकून जाळी दिसू लागली. कापड फाटलं नव्हतं. बसल्यावर सीटचा घेर दोन-तीन इंच वाढतो, खणाची वीण तेवढा ताण धरत नाही आणि माया अर्धाच इंच होती. उपाय म्हणून तिथे आतून सुती फीत लावली आणि दुहेरी टीप मारली. नव्याने शिवणाऱ्यांनी पाऊण इंच माया आधीच सांगावी. कमरेच्या शिवणीतही तशीच फीत घाला, म्हणजे घेराचं वजन खांद्यावर ओढत नाही.

दुसरं, बाजूची अदृश्य चेन. दोनदा उसवली. आता साधी जाड, धातूच्या दात्यांची चेन लाल कापडाच्या पट्टीवर मुद्दाम दिसेल अशी लावली आहे, आणि ती जास्त मजेशीर दिसते.

फुग्याच्या बाह्यांत टेलरने सवयीने १५ इंचांचं इलॅस्टिक घातलं होतं. १७ च्या दंडावर दोन तासांत वळ उठला. साडेसतरा हवं, बाही खाली सरकेल ही भीती फोल आहे, फुगा तिला धरून ठेवतो.

कॉलर कायमची शिवू नका. पहिल्याच धुण्यात जांभळा रंग तिच्यावर उतरला. कापायच्या आधी खण वेगळा, गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत भिजवायला हवा होता. मूठभर मीठ टाकून रंग पक्का होईल यावर विसंबू नये. नवी कॉलर सात बटणांवर काढता-घालता येते. बटणं तुळशीबागेतली, प्रत्येक वेगळं. आत चिकटवायचं फ्युजिंग धुण्यात फुगे धरतं, त्याऐवजी पातळ सुती कापडाचा तिसरा थर घातला आहे.

छत्र्यांबद्दल. आधी दोन-दोन इंचांच्या कापल्या होत्या. १७४ इंचांच्या घेरावर त्या चार हातांवरून चहा सांडल्यासारख्या दिसत. सहा इंचांच्या पाच लावल्यावर लोक थांबून बघू लागले. अंग मोठं असेल तर नक्षी मोठी आणि मोजकी. बारीक बुट्टे विखुरले की नुसता गोंधळ होतो.

खिशात फोन ठेवला की ढग लोंबतो. त्याचं वरचं टोक कमरेच्या शिवणीत अडकवल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. आत गुडघ्यावर येणारी सुती शॉर्ट्स हवीच. मांड्या घासण्याचा प्रश्न अस्तराने सुटत नाही. पावसाळ्यात घरात वाळायला दोन दिवस लागतात, जाड शिवणींना कुबट वास धरतो, तेव्हा उलटा करून पंख्याखाली.

स्कूटरवर घेर दोन्ही बाजूंनी मांडीखाली दाबून बसावं लागतं. तरीही खालची किनार उजवीकडे, सायलेन्सरच्या बाजूला झिजली. तिथे जुन्या इरकलीचा तीन इंच काठ लावायला दिला आहे, पूर्ण घेराला. मीटरात साडेचार.