क्रँक घासून घ्यायचा की नवा टाकायचा?

खानापूर रोडवरून उद्यमबागेत शिरलं की लेथचे आवाज सुरू होतात. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा (थोडक्यात क्रँक), बनवणारं शहर हे, त्यामुळे बेळगावात इंजिन बांधताना हा प्रश्न हमखास निघतो.

जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, नख अडकेल असे ओरखडे असतील, तर माझी पहिली पसंती ग्राइंडिंगला. ०.२५ मिमी घासून त्याच मापाची अंडरसाइझ, म्हणजे बारीक झालेल्या जर्नलला बसणारी, बेअरिंग घालायची. खर्च बराच वाचतो. मात्र घासून आलेल्या क्रँकची तेलाची भोकं आतून ब्रशने धुवाच. राहिलेला एक कण नवी बेअरिंग खातो. मग जर्नलवर प्लास्टिगेज (दाबल्यावर चपटा होणारा मापाचा प्लास्टिक धागा) ठेवून बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळा आणि जर्नल-बेअरिंगमधली फट मोजा. त्या वेळी क्रँक अजिबात फिरवू नका. लहान गाडीला साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी फट लागते, तरी कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. शेवटी तेल लावून बांधताना प्रत्येक कॅपनंतर हाताने फिरवून बघा. जड लागला तर तिथेच थांबा.

नवा क्रँक महाग. पण जुन्याला तडा असेल, तो फार वाकला असेल किंवा नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून केलेला) कडक थर घासण्यात जाणार असेल, तर पैशाकडे बघू नका. आणि हो, नव्यालाही फट मोजावीच लागते.