टॅलीचे रिपोर्ट रखडत असतील तर सोलापुरात या लोकांना दाखवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, हिशोब सगळा टॅलीत आणि येणं-बाकीचे रिपोर्ट अ‍ॅक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) फाईलमधून, त्यात टॅलीचे टेबल ओडीबीसीनं (एका सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्यात वाचायची जोडणी) लिंक केलेले. बटण दाबलं की फाईल हँग, आणि तेवढा वेळ टॅलीत बिल करणारी मुलगी पण खोळंबून बसायची. आधी ज्यांना दाखवलं त्यांचं एकच, रॅम वाढवा नाहीतर नवीन मशीन घ्या. या सोलापूरच्या लोकांनी मात्र मशीनला हातच लावला नाही, पहिल्यांदा क्वेरी (रिपोर्टसाठी कुठला डेटा आणायचा ती सूचना) उघडून नीट वाचली, मला तिथंच माणसं पटली.

प्रकार असा होता की लिंक टेबल आपल्या फाईलमधलं वाटतं पण डेटा असतो तिकडं टॅलीतच. आमच्या क्वेरीत ते टेबल आमच्या लोकल एजंट लिस्टला जोडलेलं, म्हणून एका महिन्याचं पाहिजे असलं तरी अ‍ॅक्सेस सगळी व्हाउचरं (टॅलीतल्या एंट्र्या) इकडं ओढून आणायचं आणि मग जुळवत बसायचं. त्यात तारखेवर फॉरमॅट फंक्शन (तारखेचा मजकूर करून देणारं), म्हणजे एकेक ओळ तपासल्याशिवाय महिना कळणारच नाही, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असून काही उपयोग नाही.

आता रात्री टॅलीतून डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये येतो (मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस, हे फुकट आहे, लायसन्सचा खर्च नाही), तारीख आणि पार्टीवर इंडेक्स, आणि तारखेची अट सरळ अमुक ते अमुक अशी. रोज सगळा डेटा आणत नाहीत, टॅलीत एंट्री बदलली की तिचा अल्टर आयडी (बदलाचा नंबर) वाढतो, तर कालच्या आकड्याच्या पुढचं तेवढंच उचलतात. लै भारी डोकं लावलंय. डिलीट केलेली एंट्री यात सापडत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि रविवारी पूर्ण डेटा नव्यानं घ्यायची सोय करून दिली.

रिपोर्ट आता लगेच येतो, ११ तारखेच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) आधी विक्री जुळवून बघायला तर फारच बरं पडतं. एक स्टार कमी दिलाय कारण कसं चालवायचं ते लिहून देत नाहीत, सगळं फोनवर. आणि सकाळी आलेलं पेमेंट दुपारच्या रिपोर्टात दिसत नाही, ज्यांना मिनिटामिनिटाचं पाहिजे त्यांनी हे आधीच बोलून घ्या. रात्री टॅली आणि कंपनी उघडी ठेवावी लागते, बंद असली तर डेटा येत नाही, तेवढं ऑफिस बंद करणाऱ्याला सांगून ठेवा.